विक्रीचा गोषवारा : सरासरी कशाची?



या व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींत दुकानदार आणि पेढीवरची माणसे पुष्कळ असतात. दिवसभराचा गल्ला मोजून, दुकानाला कुलूप लावून ती येथे येतात, तासभर ऐकतात आणि घरी जातात. अशा मंडळींपुढे विक्रीच्या हिशेबाविषयी बोलायचे म्हणजे सुताराला रंधा कसा धरावा हे सांगण्यासारखे आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, त्याला एक कारण आहे. हिशेब लिहिण्याचे काम वहीकडून संगणकाकडे गेले, हे आपण जाणतोच. पण हिशेबाचा अर्थ लावण्याचे कामही आता हळूहळू तिकडेच सरकत चालले आहे, आणि याकडे आपले लक्ष मात्र जावे तितके गेलेले नाही.

पूर्वी कीर्दीत रोजची नोंद होई, खतावणीत ती त्या त्या खात्यावर चढे आणि वर्षाकाठी साऱ्यांचा गोषवारा निघे. गोषवारा काढणारा मनुष्य त्या नोंदींवरून बोट फिरवीत गेलेला असे. एखादा आकडा विचित्र दिसला की त्याचे बोट थांबे, आणि ‘हे काय?’ म्हणून तो मुनिमाला विचारी. आज टॅब्लो, पॉवर बीआय यांसारख्या आलेख काढणाऱ्या संगणक-प्रणालींत दहा हजार नोंदींचा गोषवारा पापणी लवते न लवते तोच पडद्यावर उमटतो. बोट कोठे फिरतच नाही. मग ते थांबणार तरी कसे?

यंत्राची बेरीज चुकत नाही, भागाकार चुकत नाही. मग चूक होते कोठे? ती होते प्रश्नात. ‘सरासरी विक्री किती?’ असे आपण विचारतो आणि यंत्र उत्तर देते. पण सरासरी कशाची, हे आपण सांगितलेले नसते. ते यंत्राने आपल्या रीतीने ठरवून टाकलेले असते. ते ठरविणे हे माणसाचे काम आहे, यंत्राचे नव्हे, एवढेच मला आज सांगायचे आहे. पण ते नुसते सांगून पटणारे नाही; म्हणून एक खरा हिशेब पुढे ठेवून आपण तो तपासू.

आकड्यांचे चित्र

व्यापाराचे आकडे चित्रात मांडण्याची कल्पना तशी जुनी आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली ‘कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस’ हे पुस्तक काढले आणि इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे चढउतार रेषांनी दाखविले. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याला एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा कशी काढणार? तेव्हा त्याने प्रत्येक देशापुढे एकेक पट्टी आखली. आज ज्याला आपण स्तंभालेख म्हणतो, तो असा अडचणीतून जन्माला आला.

प्लेफेअरला प्रत्येक पट्टी हाताने आखावी लागली. पट्टी आखण्यापूर्वी ती कशाची, हे त्याला ठरवावेच लागे. आता ती सक्ती उरलेली नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून २००३ साली टॅब्लो ही कंपनी निघाली. मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय २०१५ साली बाजारात आले. या प्रणालींत ‘विक्री’ हे नाव उंदराने धरून पडद्यावरच्या चौकटीत नेऊन सोडले की पट्टी आपोआप उभी राहते. आपण काही न सांगितल्यास टॅब्लो अशा नावाची बेरीज घेते. मग एका छोट्या यादीतून बेरजेऐवजी सरासरी, मध्यक, लहानात लहान, मोठ्यात मोठा, मोजणी, प्रमाण विचलन, यांपैकी हवे ते निवडता येते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण सोयीबरोबर एक जबाबदारी येते, ती पाहू.

एक दुकान, एक हिशेब

टॅब्लोबरोबर सरावासाठी एक नमुन्याचा हिशेब मिळतो. त्याचे नाव ‘सुपरस्टोअर’. अमेरिकेतील एका कल्पित दुकानाची ही विक्री आहे, आणि जगभरचे विद्यार्थी तिच्यावर हात बसवितात. नव्या आवृत्त्यांत तिच्या ओळी व वर्षे बदलली आहेत. मी घेतलेली आवृत्ती २०१४ ते २०१७ या चार वर्षांची आणि ९,९९४ ओळींची आहे. माल तीन प्रकारचा : फर्निचर, कचेरीचे सामान आणि यंत्रसामग्री. एकूण विक्री २२,९७,२०१ डॉलरची, आणि तीवर नफा २,८६,३९७ डॉलरचा.

आता विचारू या, की या दुकानाची सरासरी विक्री किती? टॅब्लोत बेरजेच्या जागी ‘सरासरी’ निवडली की उत्तर येते : २२९.८६ डॉलर. बहुतेक लोक येथेच थांबतात आणि म्हणतात, ‘गिऱ्हाईक सरासरी दोनशे तीस डॉलरची खरेदी करते.’

पण हे खरे नाही. यंत्राने एकूण विक्रीला ९,९९४ ने भागले, म्हणजे ओळींनी भागले. आणि ओळ म्हणजे काय? या हिशेबात ओळ म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, ऑर्डरही नव्हे. ओळ म्हणजे एका ऑर्डरीतला एक जिन्नस. कोणी एकाच वेळी कपाट, कागद आणि टाचण्या मागविल्या, तर ऑर्डर एक पण ओळी तीन. ऑर्डरी वेगळ्या मोजल्या तर त्या भरतात ५,००९. तेव्हा दर ऑर्डरीची सरासरी विक्री होते ४५८.६१ डॉलर, म्हणजे आधीच्या उत्तराच्या जवळजवळ दुप्पट. गिऱ्हाइके मोजली तर ती ७९३ आहेत. दर गिऱ्हाइकामागे चार वर्षांची विक्री होते २,८९६.८५ डॉलर. महिने ४८, दरमहा विक्री सुमारे ४७,८५८ डॉलर.

एकाच हिशेबातून सरासरीची ही चार उत्तरे निघाली. चारही उत्तरे बरोबर आहेत. चुकीचा असू शकतो तो त्यांचा वापर. घरपोच माल पाठविण्याचा खर्च परवडतो की नाही हे ठरवायचे असेल तर दर ऑर्डरीची सरासरी हवी, कारण गाडी ऑर्डरीमागे एकदा जाते, जिनसामागे नव्हे. जाहिरातीवर दर गिऱ्हाइकामागे किती खर्चावे याचा विचार असेल तर गिऱ्हाइकाची सरासरी हवी. आणि दुकानाचे भाडे दरमहा द्यायचे असते, म्हणून त्यासाठी महिन्याची. म्हणजे भागाकारात भाज्य एकच राहिला तरी भाजक कोणता, यावर सारा अर्थ अवलंबून असतो. तो भाजक पडद्यावर लिहिलेला नसतो.

सरासरीच्या खाली किती जण?

आता त्या २२९.८६ डॉलरकडे पुन्हा वळू. दर ओळीची सरासरी म्हणून तरी हा आकडा ओळींचे खरे रूप सांगतो काय?

सगळ्या ओळी विक्रीच्या रकमेप्रमाणे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभ्या करा, आणि बरोबर मधल्या जागेवर कोण आहे ते पाहा. त्या मधल्या रकमेला संख्याशास्त्रात मध्यक म्हणतात. या हिशेबात मध्यक आहे ५४.४९ डॉलर. म्हणजे निम्म्या ओळी साडेचोपन्न डॉलरच्या आतल्या आहेत! रांगेचे चार सारखे भाग केले, तर पहिल्या चतुर्थकाची रक्कम १७.२८ आणि तिसऱ्याची २०९.९४ डॉलर येते. याचा अर्थ ध्यानात घ्या : तिसरे चतुर्थकसुद्धा सरासरीच्या खाली आहे. दर चार ओळींपैकी तीन ओळी, किंबहुना त्याहून अधिक, ‘सरासरी’ला पोचतच नाहीत.

हे कसे घडले? रांगेच्या शेवटच्या टोकाला काही प्रचंड रकमा आहेत. सर्वांत मोठी ओळ २२,६३८.४८ डॉलरची आहे. मध्यकाच्या चारशेपट! अशा थोड्या ओळी सरासरीला आपल्याकडे ओढून नेतात. मध्यकाला त्या हलवू शकत नाहीत, कारण मध्यक फक्त रांगेतला क्रम पाहतो. शेवटचा मनुष्य किती उंच आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

म्हणून सरासरी टाकून मध्यक घ्यावा, असे कोणी म्हणेल तर तेही घाईचे होईल. सरासरीला ओळींच्या संख्येने गुणले की एकूण विक्री परत मिळते. मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. पुढच्या वर्षी अमुक इतक्या ओळी होतील तर गल्ला किती जमेल, हा अंदाज सरासरीनेच करावा लागतो. पण नेहमीचे गिऱ्हाईक कोणत्या रकमेचा जिन्नस उचलते, फळीवर काय ठेवावे, सुट्ट्या पैशांची सोय किती करावी, हे मध्यक सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्यातले अंतर पाहावे, हे सर्वांत उत्तम. अंतर मोठे दिसले की समजावे, रांगेच्या टोकाला कोणीतरी अवाढव्य उभा आहे. जाऊन त्याला पाहून यावे.

आपण पाहून येऊ. ती २२,६३८ डॉलरची ओळ दूर अंतरावरून बैठक घेण्याच्या सहा यंत्रांची आहे. विक्री निम्म्या किमतीला, म्हणजे पन्नास टक्के सवलतीने झालेली. आणि तीत दुकानाला १,८११ डॉलरचा तोटा झालेला आहे. चार वर्षांतली सर्वांत मोठी विक्री तोट्याची! तिच्या खालोखालची ओळ १७,४९९.९५ डॉलरची, छायाप्रती काढणाऱ्या पाच यंत्रांची. तीत ८,३९९.९८ डॉलर नफा, आणि साऱ्या हिशेबात एका ओळीवरचा सर्वांत मोठा नफा हाच. जुन्या मुनिमाचे बोट या दोन ओळींवर नक्की थांबले असते. सरासरीत त्या दोघी विरघळून गेल्या आहेत.

येथेच प्रमाण विचलनाविषयी दोन शब्द. आकडे सरासरीपासून किती दूर पसरले आहेत याचे हे माप. आकड्यांचा ढीग दोन्ही बाजूंना सारखा उतरता असेल, तर सरासरीच्या अलीकडे-पलीकडे एक प्रमाण विचलन धरल्यास सुमारे दोनतृतीयांश आकडे त्यात बसतात. आपल्या हिशेबात प्रमाण विचलन आहे ६२३.२५ डॉलर. सरासरीतून ते वजा केले तर उत्तर शून्याच्याही खाली जाते, आणि उणे विक्री तर कोणी करीत नाही! म्हणजे हे माप चुकले असे नव्हे; हा ढीग एकीकडे फार लांब पसरलेला आहे, असे ते सांगते आहे. अशा ढिगासाठी चतुर्थके अधिक बोलकी. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टूकी याने आपल्या १९७७ च्या पुस्तकातून लोकप्रिय केलेला पेटीचा आलेख यासाठीच आहे. पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत एक पेटी, तीत मध्यकाची रेघ, आणि फार दूरचे आकडे वेगळ्या ठिपक्यांनी. टॅब्लोत तो आयता मिळतो.

यंत्र कशाचा गोषवारा काढते?

आता सर्वांत नाजूक जागेकडे येऊ. टॅब्लोत ‘वर्कशीट’ या यादीत ‘शो समरी’ म्हणून एक आज्ञा आहे. ती दिली की कडेला एक लहानसे कार्ड उघडते आणि त्यात मोजणी, बेरीज, सरासरी, लहानात लहान, मोठ्यात मोठा आणि मध्यक हे आकडे दिसतात. हवे तर प्रमाण विचलन व चतुर्थकेही मागविता येतात. नवशिक्याला वाटते, हा आपल्या दुकानाचा गोषवारा. तो तसा नाही. ते कार्ड चित्रात दिसणाऱ्या खुणांचा गोषवारा देते, त्यांच्यामागच्या ओळींचा नव्हे.

उदाहरण घ्या. मालाच्या तीन प्रकारांचे तीन स्तंभ काढले : फर्निचर ७,४२,००० डॉलर, कचेरीचे सामान ७,१९,०४७, यंत्रसामग्री ८,३६,१५४. आता कार्ड उघडा. मोजणी : ३. सरासरी : ७,६५,७३४. मध्यक : ७,४२,०००. क्षणापूर्वी सरासरी विक्री दोनशे तीस डॉलर होती. आता ती साडेसात लाखांवर गेली! यंत्र खोटे बोलले काय? मुळीच नाही. चित्रात तीन स्तंभ आहेत, तेव्हा त्याने तिनांची सरासरी काढली. त्याच विक्रीचे ४८ महिन्यांचे चित्र काढा, कार्डातली मोजणी ४८ होईल आणि बाकीचे आकडेही बदलतील. म्हणून या कार्डात पहिल्यांदा पाहायचा आकडा सरासरीचा नव्हे, मोजणीचा. मोजणी पाहिली की भाजक कळतो, आणि भाजक कळला की सरासरी कशाची ते कळते.

याहून फसवी एक जागा आहे. स्तंभांत बेरजेऐवजी दर ओळीची सरासरी दाखवा. फर्निचर ३४९.८३, कचेरीचे सामान ११९.३२, यंत्रसामग्री ४५२.७१. आता ‘या तिन्हींची मिळून सरासरी दाखव’ म्हणून आडवी रेघ मागितली, तर ती ३०७.२९ वर उमटते. आणि खरी सरासरी तर २२९.८६ आहे! सत्याहत्तर डॉलरचा फरक, आणि पडद्यावर त्याविषयी चकार शब्द नाही.

कारण उघड आहे. फर्निचरच्या ओळी २,१२१, यंत्रसामग्रीच्या १,८४७, पण कचेरीच्या सामानाच्या ६,०२६. तिन्ही सरासऱ्या मिळवून तिनाने भागताना आपण सहा हजार ओळींना आणि अठराशे ओळींना सारखेच वजन दिले. ज्या मालाच्या ओळी सर्वांत अधिक आणि रक्कम सर्वांत लहान, त्याचाच आवाज दाबला गेला. सरासरींची सरासरी ही गटांची संख्या सारखी असेल तेव्हाच हमखास खरी. एरवी ती खरी निघालीच तर केवळ योगायोगाने. टॅब्लोत याला उपाय आहे. त्या रेघेच्या यादीत ‘ॲव्हरेज’ऐवजी ‘टोटल’ निवडले की यंत्र खालच्या सर्व ओळींकडे परत जाते आणि २२९.८६ हा आकडा देते. एका शब्दाची निवड. पण ती कोणती आणि का, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

कधीकधी उलट गरज पडते. चित्रात मालाचे प्रकार दाखवायचे, पण सरासरी मात्र ऑर्डरींची हवी. यासाठी टॅब्लोने २०१५ साली आपल्या नवव्या आवृत्तीत एक विशेष प्रकारचे सूत्र आणले. ‘फिक्स्ड’ हा शब्द लिहून पुढे ‘ऑर्डर क्रमांक’ सांगितला, की यंत्र आधी प्रत्येक ऑर्डरीची बेरीज करून ठेवते, आणि मग त्या बेरजांची सरासरी किंवा मध्यक हवा तसा काढता येतो. या सूत्राचे मोल केवळ सोयीत नाही. ‘कशाची?’ या प्रश्नाचे उत्तर ते आपल्याकडून लिहवून घेते, हा त्याचा खरा गुण.

टक्केवारीची गंमत

नफ्याच्या टक्क्यातही हीच खोच आहे. समजा, दुकानात दोनच विक्री झाल्या. दहा रुपयांची पेन्सिल, तीत नफा पाच रुपये, म्हणजे पन्नास टक्के. आणि दहा हजारांचे कपाट, तीत नफा पाचशे, म्हणजे पाच टक्के. दोन टक्क्यांची सरासरी साडेसत्तावीस. पण गल्ल्यात काय आले? १०,०१० रुपयांवर ५०५ रुपये, म्हणजे जेमतेम पाच टक्के. साडेसत्तावीस टक्के नफ्याच्या भरवशावर कोणी नोकर ठेवला, तर त्याचा पगार घरातून द्यावा लागेल!

नियम सोपा आहे : आधी बेरीज, मग भागाकार. नफ्याची बेरीज भागिले विक्रीची बेरीज. सुपरस्टोअरमध्ये असे केले तर नफा १२.४७ टक्के येतो. ओळीओळीने टक्के काढून त्यांची सरासरी घेणे हा वेगळाच प्रश्न होय. त्यात पेन्सिल आणि कपाट एका मापाचे ठरतात. याच नमुन्यात सवलतीची सरासरी १५.६२ टक्के दिसते, तीही ओळींची आहे. कागदाच्या पुडक्यावरची सवलत आणि त्या बावीस हजारांच्या यंत्रांवरची सवलत तीत समान धरली आहे.

बेरीजसुद्धा झाकते, हेही सांगितले पाहिजे. फर्निचरच्या सव्वासात लाखांहून अधिक विक्रीवर नफा अवघा १८,४५१ डॉलर, म्हणजे अडीच टक्के. मालक म्हणेल, धंदाच मंद आहे. पण आत डोकावले तर एकट्या टेबलांच्या २,०६,९६६ डॉलरच्या विक्रीत १७,७२५ डॉलरचा तोटा आहे. टेबले वगळली तर उरलेल्या फर्निचरचा नफा जवळपास दुप्पट होतो. मंद धंदा आणि एका मालाने पोखरलेला धंदा, या दोन दुखण्यांना औषध एक नव्हे.

जे लिहिलेच नाही

आणखी एक बारकावा. यंत्र मोजते ते लिहिलेले. रिकामी जागा त्याच्या सरासरीत धरली जात नाही. समजा, तीस दिवसांच्या महिन्यात दुकान चार दिवस बंद होते आणि विक्री झाली २,६०,००० रुपये. नोंदी २६ दिवसांच्याच असल्याने यंत्र रोजची सरासरी १०,००० सांगेल. पण घरखर्च आणि भाडे तर तीसही दिवस चालू असते. त्या हिशेबाने सरासरी ८,६६७ रुपये. तसेच, ज्या फिरत्या विक्रेत्याने महिनाभरात काहीच विकले नाही, त्याच्या नावाची ओळच नसते. म्हणून तो सरासरी खाली ओढीत नाही, तो सरासरीतून नाहीसाच होतो. शून्य आणि रिकामी जागा या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे वही लिहिणाऱ्याला शिकवावे लागत नसे. संगणकापुढे बसणाऱ्याला शिकवावे लागते.

आणि सगळे आकडे नीट काढले तरीही चित्र पाहिल्यावाचून राहू नये. फ्रान्सिस ॲन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा जोड्यांचे चार संच छापले. चारही संचांची सरासरी, पसरण आणि दोन राशींमधला संबंध हे आकडे जवळजवळ अगदी सारखे. पण आलेख काढले की एक संच सरळ रेषेभोवती पसरलेला, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसऱ्यात एकच ठिपका रेषेबाहेर उडालेला, आणि चौथ्यात एक सोडून सारे ठिपके एका उभ्या ओळीत. गोषवारा चित्राची जागा घेऊ शकत नाही. दोघांनी एकमेकांवर साक्ष द्यायची असते.

एका माणसाची गोष्ट

आता एक माझीच चूक सांगतो आणि आटोपते घेतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहक-भांडारासाठी मी असेच आलेख काढून दिले होते. भांडाराच्या शाखा अनेक. प्रत्येक शाखेच्या दर बिलाची सरासरी मी स्तंभांनी दाखविली आणि वर सर्व शाखांच्या सरासरीची एक तांबडी रेघ ओढली. चित्र देखणे झाले. समितीच्या बैठकीत ते भिंतीवर दिसताच सर्वांचे डोळे एका बुटक्या स्तंभाकडे वळले. ती एसटी स्थानकाजवळची शाखा. ‘येथला मनुष्य कामात ढिला दिसतो,’ असे कोणीतरी म्हणाले, आणि त्याच्या बदलीची भाषा सुरू झाली.

तो गृहस्थ बैठकीला आलेला होता. तो रागावला नाही. त्याने इतकेच म्हटले, “साहेब, माझ्याकडे माणूस गाडी सुटायच्या आधी बिस्किटाचा पुडा घ्यायला येतो. महिन्याचा किराणा भरायला नाही येत. पण बिले किती फाटतात, ते एकदा बघा ना.”

मी बघितले. बिलांची संख्या त्याच्याकडे सर्व शाखांत अधिक होती. त्याची शाखा वेगळी, गिऱ्हाईक वेगळे, कामाची जात वेगळी. आणि मी त्या सर्वांना एकाच भाजकाने भागले होते. वर ती तांबडी रेघही सरासरींची सरासरी होती, म्हणजे त्याच्या शेकडो लहान बिलांना मी आधीच कमी तोलले होते. माझा एकही आकडा चुकीचा नव्हता, आणि तरीही त्या चित्राने एका कष्टाळू माणसावर खोटा आळ घेतला. बदली टळली, पण ती टळली त्याच्या धिटाईमुळे, माझ्या शास्त्रामुळे नव्हे. तो त्या दिवशी बैठकीला नसता तर? ही बोच अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून माझी आपल्याला एकच विनंती आहे. आपण आलेख काढणारे असा वा पाहणारे असा. बँकेत, कचेरीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत कोणी पडद्यावर सरासरी दाखविली, तर संकोच न करता विचारा : ही सरासरी कशाची? किती नोंदींची? मध्यक किती? आणि जे येथे लिहिलेले नाही ते काय? या प्रश्नांना संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. दाखविणाऱ्याला उत्तर येत असेल तर त्याला आनंदच होईल. येत नसेल तर त्याला ते शोधावे लागेल, आणि त्यात त्याचेही हितच आहे.

कीर्द-खतावणीचे दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. दहा हजार ओळींवरून बोट फिरविण्याचे कष्ट यंत्राने वाचविले, हे चांगलेच झाले. मात्र विचित्र आकड्यापाशी थांबून ‘हे काय?’ असे विचारण्याची जी सवय त्या बोटाला होती, ती आपण सोडता कामा नये.